मॉरिशसची वीज: उसाच्या चिपाडापासून ग्रीडच्या फ्रिक्वेन्सीपर्यंत

प्रश्न असा विचारला गेला आहे की मॉरिशससारख्या लहानशा बेटावर ना कोळशाची खाण आहे, ना तेल, ना मोठी नदी. मग तिथली वीज येते कुठून, आणि तो देश ‘उसावर चालतो’ असे जे आपल्याकडे सांगितले जाते ते कितपत खरे आहे? त्याला जोडूनच दुसरा प्रश्न आहे की महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांनी त्या अनुभवातून काही घ्यावे का. साखर कारखान्यांतील सहवीजनिर्मिती (एकाच इंधनातून कारखान्यासाठी वाफ आणि वीज दोन्ही काढणे) आणि छोट्या, एकाकी ग्रीडचे नियोजन या दोन्ही कामांत माझी बरीच वर्षे गेली आहेत, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

थोडक्यात उत्तर हवे असेल तर ते असे की मॉरिशसची बहुतांश वीज जहाजांतून येणाऱ्या इंधनावर, म्हणजे जड इंधन तेलावर आणि कोळशावर, तयार होते. ऊस, पाणी, सूर्य, वारा आणि कचरा-डेपोतला वायू असे सगळे मिळून एक पंचमांशाच्या आसपास भर घालतात, आणि पाऊस व ऊस यांच्या मानाने हा वाटा दरवर्षी थोडा खालीवर होतो. तेव्हा ‘उसावर चालणारा देश’ हे वर्णन शब्दशः घेऊ नये. मात्र उसाने त्या बेटाच्या वीजव्यवस्थेसाठी जे केले ते नुसत्या टक्केवारीत दिसत नाही, आणि आज तिथे जी अडचण उभी आहे तिचे मूळही बऱ्याच अंशी उसाच्या शेतातच आहे. माझे सांगणे मुख्यतः याच मुद्द्याभोवती आहे.

आधी आकारमान लक्षात घ्यावे लागेल. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, आणि देशाची लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. वर्षाची एकूण वीजनिर्मिती ३ अब्ज युनिटांपेक्षा थोडी अधिक, आणि कमाल मागणी ५०० मेगावॉटच्या वर. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे आणि तिथला एक मोठा संच ५०० मेगावॉटचा आहे. म्हणजे ज्या मागणीसाठी अख्खा मॉरिशस धडपडतो ती चंद्रपूरचा एक संच जवळपास एकटा भागवू शकेल. यावरून कोणाला वाटेल की मग तिथे असा एकच मोठा संच बसवून मोकळे का होत नाहीत. बेटावरच्या विजेचे सगळे गणित याच प्रश्नाच्या उत्तरात दडलेले आहे.

भारताचे ग्रीड एकसंध आहे. २०२४ च्या मे महिन्यात देशाची कमाल मागणी २५० गिगावॉटपर्यंत गेली होती. अशा ग्रीडमध्ये ५०० मेगावॉटचा संच अचानक बंद पडला तर ती घट एकूण मागणीच्या ०.२ टक्के असते. फ्रिक्वेन्सी, म्हणजे विजेच्या प्रवाहाची सेकंदाला पन्नास आवर्तने (५० हर्ट्झ) हा ठरलेला वेग, किंचित हलते, इतर शेकडो संचांचे गव्हर्नर (वेग सांभाळणारी नियंत्रक यंत्रे) थोडी थोडी वाफ किंवा पाणी वाढवतात आणि ग्राहकाला काही कळत नाही. मॉरिशसला शेजारी नाही. जवळचे रियुनियन बेटही समुद्रापलीकडे दोनशे किलोमीटरवर आहे आणि दोन्ही ग्रीड जोडणारी केबल नाही. तिथे जे बिघडेल ते तिथल्याच यंत्रांना सावरावे लागते.

आता एक उदाहरण आकड्यांत पाहू. समजा रात्रीची वेळ आहे, मागणी ३०० मेगावॉट आहे आणि ती भागवणाऱ्या जनित्रांच्या फिरत्या वस्तुमानात मिळून १,६०० मेगावॉट-सेकंद एवढी गतिज ऊर्जा साठलेली आहे. त्यातला ४० मेगावॉटचा एक संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक बंद पडला. या परिस्थितीत फ्रिक्वेन्सी पहिल्या क्षणी सेकंदाला सुमारे ०.६ हर्ट्झ या वेगाने घसरू लागते. म्हणजे काहीच केले नाही तर ५० वरून ४९ हर्ट्झवर यायला दीड-पावणेदोन सेकंद पुरतात. नियंत्रण कक्षातला माणूस फोन उचलण्याच्या आत हे घडून गेलेले असते. त्या वेळात उरलेल्या यंत्रांनी आपापली राखीव शक्ती ओतली नाही, तर अंडर-फ्रिक्वेन्सी रिले, म्हणजे फ्रिक्वेन्सी फार उतरली की आपोआप चालणारे स्विच, एकेक फीडर (भागाला वीज नेणारी वाहिनी) तोडू लागतात आणि काही भाग अंधारात जातो. तेवढ्यानेही घसरण थांबली नाही तर पूर्ण बेट अंधारात जाते. म्हणून एकाकी ग्रीडवर सर्वांत मोठ्या संचाचा आकार हाच नियोजनाचा पहिला निर्णय असतो, आणि तेवढी क्षमता कोणत्याही क्षणी राखून, फिरती ठेवावी लागते. मॉरिशसमधले सर्वांत मोठे संच ३० ते ४५ मेगावॉटच्या घरात आहेत ते याच कारणामुळे. चंद्रपूरचा संच तिथे फुकट दिला तरी चालवता येणार नाही.

वीजपुरवठ्याची जबाबदारी सेंट्रल इलेक्ट्रिसिटी बोर्ड या सरकारी संस्थेकडे आहे. तिची स्थापना १९५२ ची. पारेषण मुख्यतः ६६ किलोव्होल्टवर, वितरण २२ किलोव्होल्टवर. बोर्डाची स्वतःची औष्णिक केंद्रे राजधानी पोर्ट लुईसच्या बंदराजवळ एकवटलेली आहेत: सेंट लुईस, फोर्ट जॉर्ज, फोर्ट व्हिक्टोरिया आणि निकोले. पहिल्या तिन्हींमध्ये जड इंधन तेलावर चालणारी मोठी डिझेल इंजिने आहेत. फोर्ट जॉर्ज हे त्यांतले सर्वांत मोठे; तिथल्या संथगती इंजिनांची जातकुळी मोठ्या मालवाहू जहाजांच्या इंजिनांची आहे, आणि एकेक इंजिन २४ ते ३० मेगावॉटचे आहे. वाफेच्या केंद्राशी परिचय असलेल्या आपल्या अभियंत्यांना ही निवड विचित्र वाटते, कारण तेल महाग. परंतु असे इंजिन इंधनातली जवळपास ४५ टक्के ऊर्जा विजेत उतरवते, ३० मेगावॉटच्या वाफेच्या संचाला हे कधीच जमत नाही. शिवाय इंजिने अनेक असल्यामुळे मागणीप्रमाणे एकेक चालू-बंद करता येते. निकोलेची गॅस टर्बाइन्स तर केरोसिनवर चालतात. त्यांचे युनिट फार महाग पडते, म्हणून ती फक्त संध्याकाळच्या शिखरासाठी आणि आणीबाणीसाठी राखलेली असतात. ज्या देशात वर्षातले थोडेच तास चालण्यासाठी टर्बाइन सांभाळून ठेवावे लागते, त्या देशात युनिटच्या सरासरी खर्चापेक्षा हाताशी तयार असलेल्या मेगावॉटला अधिक किंमत असते.

हे तेल मॉरिशसची सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन आयात करते. २००७ पासून बरीच वर्षे मॉरिशसची पेट्रोलियम उत्पादने मंगळूरच्या एमआरपीएल शुद्धीकरण कारखान्यातून जात होती, म्हणजे कोकणपट्टीच्या दक्षिण टोकाशी त्या बेटाच्या दिव्यांचा सरळ संबंध होता. कोळसा मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतून येतो. बंदर एकच. त्यामुळे इंधनाचा साठा किती दिवसांचा आहे, हा तिथे वाहतुकीचा किरकोळ विषय मानला जात नाही. वादळाच्या महिन्यांत तर तो रोजचा विषय असतो.

जलविद्युत थोडक्यात उरकतो. लहानमोठी केंद्रे मिळून सुमारे ६० मेगावॉट. त्यांत शांपान हे ३० मेगावॉटचे सर्वांत मोठे, त्यानंतर टॅमरिंड फॉल्स आणि फेर्ने. पठारावर पाऊस भरपूर पडतो, पण नद्या आखूड आणि उताराच्या, साठवण थोडी, आणि मार ओ वाकवासारख्या मोठ्या जलाशयातले पाणी आधी पिण्यासाठी लागते. कोयना महाराष्ट्रासाठी जे काम करते, म्हणजे संध्याकाळी मागणी चढली की काही मिनिटांत शेकडो मेगावॉट उभे करणे, ते काम तिथे शांपानच्या दोन संचांकडून जेवढे होईल तेवढेच होते. ऊर्जेच्या हिशेबात त्याचे स्थान लहान आहे, तरी फ्रिक्वेन्सी सांभाळण्यात ते मोलाचे आहे.

आता ऊस. हा भाग मला विस्ताराने लिहायचा आहे, कारण मराठी वाचकाला यातली प्रत्येक वस्तू ओळखीची आहे आणि तरीही तिथली मांडणी आपल्यापेक्षा वेगळी आहे.

एक टन ऊस गाळला की सुमारे ३०० किलो बगॅस, म्हणजे चिपाड, मिळते, त्यात निम्मे पाणी असते. जुन्या काळी कारखान्यांना हे चिपाड संपवणे हीच अडचण होती. बॉयलर मुद्दाम अकार्यक्षम ठेवत, वाफेचा दाब २० बारच्या आसपास असे, आणि कारखान्याची स्वतःची गरज भागली की काम झाले. त्यातूनही थोडीफार वीज उरली तर ती ग्रीडला जाई. टनामागे दहा-वीस युनिटे. मॉरिशसने हे चित्र टप्प्याटप्प्याने बदलले. पहिल्या टप्प्यात काही कारखाने मिळेल तेव्हा वीज देत. नंतरच्या टप्प्यात गाळप हंगामभर सलग वीज देण्याचे करार झाले. पुढे १९८० च्या दशकाच्या मध्यात फ्लाक भागातल्या एका मोठ्या कारखान्याने हंगामात बगॅस आणि हंगामाबाहेर कोळसा जाळून बारमाही वीज देण्याची व्यवस्था उभी केली. वीज मिळेल तेव्हा मिळणारी, हंगामभर मिळणारी आणि बारमाही खात्रीची, असे हे तीन वेगळे प्रकार आणि त्यांना वेगळे दर, ही विभागणी मला फार महत्त्वाची वाटते. युनिट सगळे सारखेच मोजले जाते, पण ग्रीडला ज्या युनिटाचा भरवसा धरता येतो त्याची किंमत वेगळी असते, हे तिथल्या कराराच्या कागदावर लवकर उतरले.

१९९१ मध्ये सरकारने बगॅस ऊर्जा विकास कार्यक्रम आखला. त्यामागे केवळ विजेचा विचार नव्हता. १९८८ च्या साखर उद्योग कार्यक्षमता कायद्यापासूनच कारखाने एकत्र आणण्याचे धोरण चालू होते, कारण लहान कारखान्याला मोठा बॉयलर परवडत नाही आणि मोठ्या बॉयलरशिवाय जादा वीज निघत नाही. १९८० च्या दशकात वीसच्या आसपास कारखाने होते. आज तीन उरले आहेत: उत्तरेला टेरा, पूर्वेला आल्तेओ, दक्षिणेला ऑम्निकेन. २००० साली बेल व्ह्यू इथे ३५ मेगावॉटचे दोन संच सुरू झाले, ८२ बार दाबाच्या आणि ५२५ अंशांच्या वाफेवर चालणारे. २००७ मध्ये ला बराक इथे आणखी मोठे केंद्र आले. अशा केंद्रात एका टन उसामागे ११० ते १३० युनिटे ग्रीडला देता येतात. म्हणजे त्याच उसातून, त्याच चिपाडातून, पूर्वीच्या सहा ते बारापट वीज. यात चमत्कार काहीही नाही. वाफेचा दाब वाढवला, साखर प्रक्रियेत लागणारी वाफ टनामागे ४०० किलोच्या आसपास आणली, कारखान्याला लागणारी वाफ टर्बाइनमधून काढून घेतली आणि उरलेली कंडेन्सरपर्यंत नेली, एवढेच. पण हे सगळे एकदम करावे लागते. नुसता उच्च दाबाचा बॉयलर घेऊन जुनी बाष्पीभवन भांडी तशीच ठेवली तर वाचलेली वाफ साखरेतच जिरते. हा अनुभव आपल्याकडच्याही अनेक कारखान्यांना आलेला आहे.

आणखी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. कारखान्यांचे विलीनीकरण करताना छोटे ऊस उत्पादक आणि कामगार यांना बाजूला टाकू नये म्हणून १९९४ मध्ये शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्यामार्फत त्यांना कारखान्यांच्या कंपन्यांत भागभांडवल मिळाले. या छोट्या उत्पादकांत एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या रत्नागिरी-साताऱ्याकडच्या कुटुंबांचे वंशजही आहेत. सहकाराची आपली वाट आणि ही वाट वेगळी, पण ऊस पिकवणाऱ्याला उसाच्या प्रत्येक उत्पादनात वाटा असावा हा विचार दोन्हीकडे आहे.

आता या व्यवस्थेची दुसरी बाजू. या केंद्रांना ‘बगॅस-कोळसा केंद्रे’ म्हणतात, आणि वर्षभराचा हिशेब घातला तर त्यांतली निम्म्याहून अधिक वीज कोळशाची असते. सेंट ऑबिनला तर २००५ मध्ये केवळ कोळशावर चालणारे केंद्र सुरू झाले. मग बगॅसच साठवून वर्षभर का जाळत नाहीत, असे अनेकजण विचारतात. ३० मेगावॉट अखंड द्यायचे तर दिवसाला सुमारे १,४०० टन बगॅस लागते. सुटे बगॅस घनमीटरला १५० किलोच्या आसपास भरते, म्हणजे एका दिवसाचे नऊ हजार घनमीटरहून अधिक. सहा महिन्यांचा साठा म्हणजे डोंगर उभा करणे आले. आणि तो डोंगर ओला, आतून आंबणारा, तापणारा, आग लागू शकणारा असतो. गाठी बांधून, वाळवून काही आठवड्यांचा साठा शक्य आहे आणि तो करावाच, पण अर्ध्या वर्षाचा नाही. टनाला टन धरले तरी आयात कोळशात बगॅसच्या तिप्पटीहून अधिक उष्णता असते. या भौतिक कारणांमुळे कोळसा त्या व्यवस्थेत शिरला, आणि एकदा बंदरातला धक्का, साठवण आवार आणि दीर्घ मुदतीचे करार तयार झाले की तो मुख्य इंधनच होऊन बसतो. मी सहवीजनिर्मितीचा समर्थक आहे, तरीही हे स्पष्ट म्हणेन की कोळशाच्या युनिटांना उसाच्या नावाखाली मोजणे अप्रामाणिक आहे. कोळशाच्या राखेचा प्रश्नही अशा बेटावर, जिथे पिण्याच्या पाण्याचा मोठा भाग भूजलाचा आहे, हलका नाही. पश्चिम किनाऱ्यावर पॉइंट ओ काव्ह इथे १०० मेगावॉटच्या नव्या कोळसा केंद्राचा प्रस्ताव आला तेव्हा लोकांनी त्याला कडाडून विरोध केला आणि ते केंद्र झाले नाही. तो विरोध मला योग्यच वाटतो.

या जोडीतली सर्वांत अवघड गोष्ट वेळापत्रकाची आहे. मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे. गाळप जून ते डिसेंबर चालते, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात आणि त्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत. विजेची मागणी मात्र डिसेंबर ते मार्च या उन्हाळ्यात सर्वांत जास्त असते: घरोघरी, कचेऱ्यांत आणि किनाऱ्यावरच्या हॉटेलांत वातानुकूलन यंत्रे चालतात. म्हणजे बगॅस संपते आणि मागणी चढते, हे अगदी लागोपाठ घडते. नेमके तेच महिने चक्रीवादळांचे. ज्या दिवसांत ग्रीडला सर्वांत जास्त आधार हवा त्या दिवसांत ऊस शेतात वाढत असतो आणि वादळ आले तर आडवाही होत असतो. महाराष्ट्रात ऑक्टोबर-नोव्हेंबरला गाळप सुरू होऊन मार्चच्या आगेमागे संपते आणि एप्रिल-मे मध्ये मागणीचा कडेलोट होतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की आपल्यामागे सगळ्या देशाचे ग्रीड उभे असते.

त्यापेक्षाही खोलवरची अडचण उसाच्या क्षेत्राची आहे. युरोपीय संघाला हमीभावाने साखर विकण्याची जी सोय मॉरिशसला अनेक दशके होती, तिच्यातला भाव २००६ पासून टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला गेला. २००९ मध्ये तो साखर-करारच संपला आणि २०१७ मध्ये युरोपने स्वतःच्या उत्पादनावरचे कोटेही उठवले. छोट्या शेतकऱ्याला ऊस परवडेना. खडकाळ, उताराच्या जमिनी, यंत्राने तोडणी होत नाही, मजूर मिळत नाही, मुलांना शेती नको. कित्येकांनी जमीन पडीक टाकली किंवा घरांसाठी विकली. पूर्वी चांगल्या वर्षी पन्नास लाख टनांहून अधिक ऊस गाळला जाई. अलीकडे तो पंचवीस लाख टनांच्या आसपास आला आहे. आता वरचा आकडा लावून पाहा: पंचवीस लाख टन गुणिले १२० युनिटे म्हणजे ३० कोटी युनिटे, आणि देशाची वार्षिक गरज ३ अब्जांहून अधिक. वाटा दहा टक्क्यांच्या आसपास. तीच यंत्रे पूर्वीच्या उसावर चालली असती तर हाच वाटा वीस टक्के झाला असता. उत्तम बॉयलर येत गेले आणि त्याच काळात ऊस आटत गेला. म्हणून मी म्हणतो की मॉरिशसच्या विजेतला बगॅसचा वाटा वाढवायचा असेल तर पुढचा पैसा बॉयलरमध्ये घालण्यापेक्षा शेतात घालावा लागेल: दगड वेचून जमिनी यंत्रयोग्य करणे, छोट्यांच्या तुकड्यांची एकत्रित लागवड-तोडणी, आणि मुख्य म्हणजे चिपाडाचा भाव.

हा भाव फार काळ वादाचा राहिला. उत्पादकाला साखर आणि मळी यांचे पैसे मिळत, पण बगॅसचा मोबदला इतका किरकोळ होता की त्यासाठी कोणी ऊस लावणार नव्हते. २०२१-२२ च्या अर्थसंकल्पात तो एकदम मोठ्या प्रमाणात वाढवला गेला. हे पाऊल योग्य होते, फक्त पंधरा वर्षे उशिरा पडले. पडीक झालेली जमीन परत उसाखाली आणणे, असलेला ऊस टिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण असते. मॉरिशसच्या ऊस संशोधन संस्थेने अधिक तंतुमय वाणांवर काम केलेले आहे, आणि शेतात राहणारे पाचट गोळा करून जाळण्याचे प्रयोगही झाले आहेत. पाचटाबाबत मात्र सावध राहावे. त्यातल्या क्लोरीन आणि पोटॅशमुळे सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या भागाच्या) नळ्यांवर थर बसतो आणि गंज चढतो, मातीही सोबत येते, आणि सगळे पाचट उचलले तर जमिनीतला ओलावा व सेंद्रिय कर्ब जातो. थोडे उचलावे, थोडे ठेवावे. प्रमाण जमिनीप्रमाणे ठरते.

सूर्य आणि वारा यांच्याविषयी आता. २०१४ मध्ये बांबू गावाजवळ १५ मेगावॉटचा पहिला मोठा सौर प्रकल्प सुरू झाला, त्यानंतर बरेच आले, छतांवरचे सौर संच वाढले. २०२२ च्या जानेवारीत भारताच्या मदतीच्या ८ मेगावॉट सौर प्रकल्पाचा आरंभही झाला. ईशान्येला प्लेन दे रोश इथे साडेनऊ मेगावॉटच्या आतबाहेरचे पवन क्षेत्र आहे. सौर वीज आता डिझेलच्या विजेपेक्षा कितीतरी स्वस्त आहे आणि ती वाढलीच पाहिजे. पण बेट लहान असल्यामुळे ढगांचा एकच पट्टा सगळ्या प्रकल्पांवरून एका पाठोपाठ एक सरकतो. राजस्थानात ढग आले तर कर्नाटकात ऊन असते, तशी सोय तिथे नाही. शिवाय सौर इन्व्हर्टरमध्ये काही फिरत नाही. मघाशी जी १,६०० मेगावॉट-सेकंदांची गतिज ऊर्जा धरली होती ती दुपारी सौर वीज वाढून वाफेचे आणि डिझेलचे संच बंद केले की निम्म्यावर येते, आणि मग तोच ४० मेगावॉटचा धक्का फ्रिक्वेन्सीला दुप्पट वेगाने खाली ओढतो. यावर बोर्डाने उपकेंद्रांवर बॅटऱ्या बसवायला सुरुवात केली. पहिल्या टप्प्यांत सुमारे १८ मेगावॉट. या बॅटऱ्यांचे काम रात्रभर वीज पुरवण्याचे नाही. घसरणाऱ्या फ्रिक्वेन्सीला सेकंदाच्या काही अंशात टेकू देणे हे त्यांचे काम, आणि तेवढ्यासाठी लहान बॅटरीही खूप उपयोगी पडते.

वादळांच्या बाबतीत रॉड्रिग्ज बेटाचे उदाहरण मला फार आवडते. हे बेट मॉरिशसचाच भाग, पण सुमारे साडेपाचशे किलोमीटर दूर, आणि त्याचे ग्रीड पूर्णपणे स्वतंत्र. तिथे ग्रेनाद इथे २७५ किलोवॉटच्या ज्या पवनचक्क्या उभारल्या आहेत त्यांचे खांब बिजागरीवर बसवलेले आहेत. वादळाचा इशारा आला की चक्की दोरांच्या साहाय्याने जमिनीवर आडवी करून बांधून ठेवतात आणि वादळ गेल्यावर पुन्हा उभी करतात. मोठ्या उत्पादकांच्या दोन-तीन मेगावॉटच्या चक्क्यांपेक्षा या चक्क्या कमी कार्यक्षम आहेत, पण वादळानंतर दुसऱ्या दिवशी त्या चालतात, आणि तिथे तोच निकष महत्त्वाचा आहे.

महाराष्ट्राने यातून काय घ्यावे? आपल्याकडे साखर कारखान्यांची सहवीज क्षमता दोन हजार मेगावॉटहून अधिक आहे, म्हणजे क्षमतेत आपण मॉरिशसच्या कितीतरी पुढे आहोत, आणि दर चौरस सेंटिमीटरला ११० किलो दाबाचे बॉयलरही आपल्याकडे चालतात. कमी पडतो तो भरवशाचा हिशेब. गाळप हंगाम गेल्या काही वर्षांत शंभर दिवसांच्या आतबाहेर येऊन ठेपला आहे. उरलेल्या दिवसांत कोट्यवधींची यंत्रे बंद असतात. दर नियामक आयोगाने ठरवून देण्याऐवजी स्पर्धात्मक निविदांतून ठरू लागल्यापासून बगॅसच्या युनिटाची तुलना थेट सौर युनिटाशी होते आणि तीत बगॅस हरते. पण सौर युनिट दुपारी मिळते आणि बगॅसचे युनिट थंडीतल्या संध्याकाळी सात वाजताही मिळते, तेही फिरत्या जनित्रातून, जिल्ह्याच्या आतच, पारेषणाची गळती न होता. या गुणांना वेगळा दर असावा, जसा मॉरिशसने खात्रीच्या विजेला दिला. त्या बदल्यात कारखान्यांनीही ग्रीड सांगेल त्या वेळी भार वाढवण्या-उतरवण्याचे बंधन स्वीकारावे. कोळशाचा पर्याय मात्र तिथून उचलू नये. बिगरहंगामासाठी कोळसा आणला की तो बगॅसला मागे सारतो, हे तिथे घडून गेले आहे.

मॉरिशसपुढे आज जे काम आहे त्याबद्दल माझे मत विचारले तर मी क्रम असा लावीन. कोळसा बंद करून नवीकरणीय विजेचा वाटा ६० टक्क्यांवर नेण्याचे ध्येय सरकारने २०२१ मध्ये २०३० या मुदतीसह जाहीर केले. प्रत्यक्षातला वाटा पाहता ते अंतर केवळ सौर पॅनेल आणून भरणार नाही. सर्वप्रथम बॅटऱ्या वाढवाव्यात, आणि त्या नुसत्या ग्रीडच्या मागे चालणाऱ्या न ठेवता स्वतः व्होल्टेज व फ्रिक्वेन्सी उभी करणाऱ्या इन्व्हर्टरसह घ्याव्यात. त्याच्या बरोबरीने ऊस उत्पादकाला बगॅसचा भाव अनेक वर्षांच्या करारात बांधून द्यावा, म्हणजे तो लावणीचा निर्णय घेऊ शकेल; उसाचे खोडवे पाच-सहा वर्षे चालते, त्यामुळे एका अर्थसंकल्पापुरत्या आश्वासनावर कोणी नवी लावण करत नाही. मग सौर, जेवढे बॅटऱ्या पेलतील तेवढ्या वेगाने. आणि कोळशावरची केंद्रे थांबवण्याची वेळ येईल तेव्हा त्यांची जनित्रे भंगारात काढू नयेत. टर्बाइनपासून क्लचने सोडवून, ग्रीडच्याच विजेवर ती रिकामी फिरती ठेवता येतात. इंधन एक किलोही जळत नाही, थोडी वीज घर्षणात जाते, पण फिरत्या वस्तुमानाचा आधार आणि व्होल्टेज सावरण्याची क्षमता जागच्या जागी राहते. अशा रूपांतरासाठी बेल व्ह्यू आणि ला बराक येथील संच योग्य आहेत का, याचा अभ्यास ते चालू असतानाच करावा लागेल, कारण पाया, क्लचसाठीची जागा आणि वंगणाची व्यवस्था हे सगळे संच बंद पडून गंजल्यावर तपासण्यात काही अर्थ उरत नाही.